सीट गरम होईना? कव्हर काढायच्या आधी सीटखाली बघा

गरम होणारी सीट बंद पडली की लोक आधी कव्हर काढायच्या मागे लागतात. थांबा. बेळगावच्या उद्यमबागेत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना मी बघतोय, आपल्या भागातल्या गाड्यांत दोष बऱ्याचदा गादीत नसतो, सीटखाली असतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या बाजूला रोज फिरणाऱ्या गाडीत पावसाळाभर ओले बूट, ओल्या छत्र्या. गालिच्याखालचा फोम दिवाळीपर्यंत ओलाच राहतो, आणि तिथंच सीटच्या वायरिंगचा अर्थ बोल्ट असतो, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट.

खानापूरच्या एका काकूंना कंबरदुखीसाठी ही सीट लागायचीच. "स्विचचा दिवा लागतोय बघ, पण सीट गारच," म्हणाल्या. गालिचा उचलला तर बोल्टाखालच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) पांढरट-हिरवा गंज आलेला, आणि लगखालचा पत्रा लाल पडलेला. पॉलिश पेपरनं पत्रा आणि लग चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. गादीला हातही लावावा लागला नाही.

हे घरी तपासता येतं. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू करा आणि सीटचा स्विच दाबा. मीटरची एक पिन हीटरच्या अर्थ वायरला, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा. पाव व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष तिथंच. मात्र ही तपासणी कनेक्टर जोडलेला ठेवून, त्याच्या मागच्या बाजूनं पिन घालून करा. कनेक्टर सोडला तर बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट (सीटचा हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) करंटच पाठवत नाही, आणि माणूस उगाच स्विच बदलून बसतो.

स्विचचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. जितक्या अँपिअरचा होता तितक्याच अँपिअरचा घाला. दिवा लागून आपोआप विझत असेल तर युनिटला बहुधा पुढं तुटलेली तार कळलेली असते.

आता एलिमेंट, म्हणजे गादीतली गरम होणारी तार. गाडी बंद करा, हीटरचाच कनेक्टर सोडा, मीटर ओमवर घ्या. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा, तो नंतर वजा करायचा. चांगलं एलिमेंट साधारण १ ते ५ ओम दाखवतं. ३ ओम असेल तर १२ व्होल्टवर ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॅट. आकडाच आला नाही तर तार तुटली. बऱ्याच गाड्यांत बैठक आणि पाठ एकाच ओळीत जोडलेल्या असतात, त्यामुळं एक तुटली तरी दोन्ही गार पडतात. सीटची ऊब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी वेगळ्या असतात. तिथं किलोओममध्ये आकडा येतो आणि सीटला ऊब दिली की तो कमी व्हायला हवा.

सीट सोडायची वेळ आलीच तर ही गोष्ट नीट ऐका. पिवळ्या रंगाचा कनेक्टर एअरबॅगचा. त्याला मल्टीमीटर कधीही लावू नका. सीट पुढंमागं करून बोल्ट दिसतील अशी ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, किमान दहा मिनिटं थांबा, आणि त्यानंतरच तो पिवळा कनेक्टर सोडा. सीट परत जोडेपर्यंत इग्निशन चालू करायचं नाही. ड्रायव्हरशेजारच्या सीटमध्ये बऱ्याचदा माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. ती सीट मी घरी उघडा म्हणून सांगणार नाही.

कव्हर लोखंडी कड्यांनी फोमला धरलेलं असतं. पक्कडनं कड्या कापा, पण तेवढ्याच नव्या कड्या आधी आणून ठेवा. तार बहुतेक दाराकडच्या कडेला तुटते, कारण उतरताना-चढताना सगळा भार तिथंच येतो. सीटवर गुडघा टेकवून मागचं सामान काढणाऱ्यांच्या गाडीत तर हमखास. जागा डोळ्यांना दिसते: कापडावर नखाएवढा तपकिरी डाग.

तांब्याची तार असेल तर क्रिंप स्लीव्हनं (दाबून बसवायच्या धातूच्या नळीनं) जोडा. नुसत्या सोल्डरनं ती कडक होते आणि शेजारीच पुन्हा तुटते. कार्बन फायबरला सोल्डर धरतच नाही, तिथं पूर्ण हीटर पॅड बदला. फोम काळा पडला असेल तरी पॅडच बदला. आणि थर्मोस्टॅट (सीट जास्त तापू न देणारा भाग) बायपास करून सीट चालू करून देणाऱ्याकडं गाडी देऊ नका. त्यानं माणूस भाजतो, गाडीही पेटू शकते.

कव्हर ओढून बसवायच्या आधी, सीट गाडीत सगळ्या कनेक्टरांसह जोडून, दहा मिनिटं गरम करून तळहात फिरवा. ऊब सगळीकडं सारखी लागली तर नव्या कड्या लावा. एखादी जागा जास्त चटकत असेल तर लगेच बंद करा आणि पॅड बदला.