गोमाँचं डेझी, पाथेचा कोंबडा: लोगोंची रीळ कशी लावावी

सिनेमाच्या सुरुवातीला दिसणारे कंपन्यांचे लोगो एकापाठोपाठ दाखवायचे, तर सुरुवात दोन जुन्या फ्रेंच सिनेमा कंपन्यांपासून करा: गोमाँ 1895 ची, पाथे 1896 ची. लेआँ गोमाँ यांच्या आईचं नाव मार्गरीत, म्हणजेच डेझी, म्हणून कंपनीच्या चिन्हात ते फूल आलं. पाथेचं चिन्ह असलेला कोंबडा तर सुरुवातीला थेट सेटवरच टांगलेला असे, कारण फिल्मची चोरून प्रत काढली तरी तो सहजासहजी खोडता येत नसे. म्हणून रिळीत पहिल्यांदा असं एखादं दृश्य घ्या, मग मूकपटाची लोगो असलेली पाटी, मग बोलपटाचा लोगो. रंगीत लोगो सर्वांत शेवटी.

एक खबरदारी घ्या. जुन्या सिनेमाच्या नव्या प्रतीला बऱ्याचदा आजचा लोगो जोडलेला असतो. त्यावरून साल ठरवलंत की फसलात!

खरी गडबड लोगोच्या सुरावटीत होते. युरोपातल्या डीव्हीडीवर सेकंदाला 24 फ्रेमचा (म्हणजे 24 चित्रांचा) सिनेमा सेकंदाला 25 फ्रेमने पळतो. त्यामुळे 25 सेकंदांचा लोगो 24 सेकंदांत संपतो आणि सूर जवळपास पाऊण अर्धस्वर चढतो. पेटीवर काळी एक आणि तिच्या शेजारची पांढरी दोन एकामागून एक वाजवून पाहा, अर्धस्वर म्हणजे केवढं अंतर ते लगेच कळेल. एडिटिंगमध्ये वेग 96 टक्के करा, मात्र ‘पिच (सुराची उंची) कायम ठेवा’ची खूण काढा. ती राहिली तर वेग सुधारतो, सूर चढलेलाच राहतो.

जुनी चौकोनी चौकट ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या.

सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत कार्यक्रम असेल, तर आदल्या दिवशी प्रोजेक्टरची हवेची जाळी काढून ब्रशने झाडा. तिथे कापसाचे तंतू बसतात, आणि मे महिन्यात मशीन तापून मध्येच बंद पडतं.