स्प्रे कॅनवर ट्रॅक्टर रंगवायला शिकणाऱ्यांसाठी

स्प्रेच्या कॅनने अख्खा ट्रॅक्टर रंगवायला घेऊ नका. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हेच सांगतो, कारण मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेल्या बहुतेकांना नेमकं तेच करायचं असतं. हिशोब साधा आहे. ४०० मिलीच्या कॅनमध्ये सगळा रंग नसतो, गॅस आणि थिनरही त्यातच आलं. जुना रंग पूर्ण झाकेपर्यंत दोन-तीन हात मारायचे म्हटले, तर एका कॅनमध्ये जेमतेम १० चौरस फूट पत्रा होतो. आता मोजा: बॉनेट, दोन्ही मडगार्ड, समोरची जाळी, चार रिमा, टूलबॉक्स. अस्तराचे, म्हणजे प्रायमरचे, कॅन वेगळे, वर मारायच्या बिनरंगी क्लिअरचे वेगळे. डझनभर कॅन कुठे संपले ते कळत नाही. एका कॅनला दोनशे-तीनशे रुपये धरले, तर तेवढ्यात डब्यातला रंग आणून कंप्रेसरच्या गनने काम होतं आणि वर पैसे उरतात. शिवाय बॉनेटसारखा मोठा सपाट पत्रा कॅनने मारला की उन्हात पट्टे दिसतात ते दिसतातच.

तरीही हात बसवायचा तर कॅनवरच, असं माझं मत आहे. गन घेतली की कंप्रेसर आला, कंप्रेसर आला की लाइट आली, आणि आपल्याकडे लाइट कधी येईल आणि कधी जाईल ते महावितरणलाच ठाऊक. कॅन पिशवीत टाकून वस्तीवर जाता येतं. अंतर, वेग, कडेला बोट कधी सोडायचं, ही सगळी हाताची सवय कॅनवर स्वस्तात लागते. बारीकसारीक कामाला तर तो कायमच उपयोगी आहे: बंपर, बॅटरीची पेटी, हेडलाइटची रिंग, औजार जोडायच्या लिंकेजचे दांडे, नांगराचा सांगाडा, मडगार्डचा घासलेला कोपरा, आणि रिमा. माझ्याकडे सगळ्यात लवकर संपतो तो सिल्व्हर. गंमत म्हणजे स्प्रे पेंटचा जन्मच या रंगातून झालाय. १९४९ साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या सिकमोर गावी, एडवर्ड सेमूर यांनी एरोसोलच्या डब्यात रंग भरला, तो ॲल्युमिनियमचा होता. घर गरम ठेवायच्या रेडिएटरला मारायला.

आता खऱ्या कामाकडे. रंगाचं काम म्हणजे धुणं आणि घासणं. रंग मारणं हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग. हे ऐकून निम्मी पोरं तोंड वाकडं करतात.

ट्रॅक्टरवर काळ्या मातीचा आणि डिझेल-ऑइलचा मिळून एक थर बसलेला असतो. आधी लाकडी पट्टीच्या तुकड्याने तो खरवडायचा, मग डिझेल किंवा केरोसीनने मऊ करायचा, मग कपडे धुवायची पावडर टाकून गरम पाण्याने दोनदा धुवायचा. बरेच जण केरोसीनवरच थांबतात. केरोसीन मळ काढतं, पण स्वतःचा तेलकट हात मागे ठेवून जातं. त्यावर रंग मारला की पाच मिनिटांत बारीक गोल खड्डे पडतात, प्रत्येक खड्ड्याच्या मध्ये खालचा पत्रा दिसतो. आमचे वस्ताद त्याला 'डोळे आले' म्हणायचे. वरून कितीही हात मारा, डोळे बुजत नाहीत. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

यात सर्वांत फसवी जागा मडगार्डची. मडगार्ड जिथे बोल्टने बसतं, तिथे दोन पत्र्यांच्या सांध्यात वर्षानुवर्षांचं हायड्रॉलिकचं ऑइल मुरलेलं असतं. वरून पत्रा लखलखीत दिसतो. दुपारी ऊन चढलं की पत्रा तापतो, ऑइल पातळ होतं आणि सांध्यातून केसाएवढी रेघ खाली उतरते. ताज्या रंगावर ती रेघ आली की रंगाची कड उचललीच म्हणून समजा. म्हणून मडगार्ड शक्यतो खोलून घ्या. खोलणं जमत नसेल तर धुतल्यावर ते एक दुपार उन्हात ठेवा, सांधा काय ओकतो ते बघा, थिनरच्या फडक्याने पुसा, आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.

धुऊन झालं की घाई न करता बॉनेटकडे एकदा नीट बघा. लाल रंग उन्हाने पांढुरका पडतो, मालकाला वाटतं रंग गेला. हातभर जागेवर रबिंग कंपाउंड (रंग उजळायची पेस्ट) घासून बघा. पुष्कळदा खालून मूळचा लाल तसाच निघतो आणि नुसत्या पॉलिशवर काम भागतं. अशा वेळी मी रंग मारत नाही. पैसे कमी मिळतात, पण तोच माणूस पुढच्या वर्षी ट्रॉली घेऊन येतो.

रंग मारायचाच असेल तर जुना रंग कोणता ते ओळखा. गावाकडचे बरेच ट्रॅक्टर कधीतरी ब्रशने ऑइल पेंट मारलेले असतात. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं एका कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर त्यावर कॅनचा ॲक्रिलिक रंग थेट मारू नका. मारला की अख्खा पत्रा सुरकुत्यांनी भरेल. असा रंग पार पत्र्यापर्यंत काढायचा. गंजाला तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. जिथे जुना रंग चांगला आहे तिथे फक्त कडा २२० आणि ३२० ने उतरत्या करा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची ती पातळ, थरावर थर. हार्डनर मिसळायची लांबी मे महिन्यात ताटलीतच दगड होते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. अस्तर मारून ४००-६०० च्या वॉटर पेपरने ओलं घासा. अस्तर मारून पावसाळ्यात गाडी तशीच उभी ठेवू नका. अस्तर पाणी पितं आणि खालून गंज परत सुरू होतो.

एका ठिकाणी मात्र मी लांबीचा हात आखडतो. ट्रॉलीच्या एक्सलला, हुकाला किंवा चेसिसला चीर दिसली तर ती वेल्डरकडे जाते. विकायच्या आधी तेवढं 'झाकून' द्या म्हणणारे येतात. उसाच्या दहा-बारा टनांखाली ती चीर कोणाच्या अंगावर उघडेल याचा भरवसा नाही, म्हणून सरळ नाही म्हणतो.

आता मारायचं कसं. कॅनमध्ये गोळी असते. ती मोकळी होऊन खडखडायला लागली की तिथून पुढे दोन मिनिटं हलवा, सिल्व्हर असेल तर जास्तच, कारण त्याची चमकी तळाशी बसते. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. पत्र्यापासून ८ ते १० इंच लांब, हात पत्र्याला समांतर. मनगटातून वळवलं की मध्ये दाट आणि कडेला विरळ बसतो. पत्र्याच्या बाहेर सुरू करायचं, बाहेर जाऊन बोट सोडायचं, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला हात धुक्यासारखा, खालचं सगळं दिसलं तरी चालेल. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पहिल्याच हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या, ६०० ने घासा, परत मारा. काम संपलं की कॅन उलटा करून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नाहीतर नोझल बुजतं आणि अर्धा कॅन भंगारात जातो.

हवेचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. उन्हाळ्यात परभणी-नांदेडला पारा ४० च्या वर असतो, उन्हातल्या बॉनेटला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर मारलेला रंग बसायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत लागतो. मारायच्या आधी हाताची पालथी बाजू पत्र्यावर टेकवा, ती टिकत नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबा किंवा पहाटे उठा. पावसाळी दमट हवेत उलटं होतं, रंगावर पांढरी झाक येते. थंडीत कॅनच गारठतो, दाब कमी होतो आणि रंग थुंकल्यासारखा येतो; तेव्हा हाताला सोसवेल अशा कोमट पाण्यात तो थोडा वेळ ठेवा. चुलीजवळ, गॅसवर, उकळत्या पाण्यात कधीच नाही. ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो, म्हणून उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येही तो विसरू नका. दसरा ते संक्रांत, सकाळी दहा ते दुपारी एक, ही सगळ्यात भरवशाची वेळ. धूळ बसावी म्हणून आधी जमिनीवर पाण्याचा सडा टाकायचा, आणि तो सुकत आला की मारायचं.

काय रंगवू नये हेही शिका. हायड्रॉलिकचा चकाकता दांडा, ग्रीसचे निपल, रबरी पाइप, डिपस्टिक यांना टेप लावा. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग बसला की इंजिन तापतं. रिम जिथे हबवर बसते आणि नट जिथे आवळतो ती जागा कोरी ठेवा. तिथला रंग चेपला की नट सैल होतात. सायलेन्सरला साधा रंग जळून जातो, त्याला ६०० अंशांचा म्हणून मिळतो तोच घ्या आणि पहिल्यांदा इंजिन थोडं थोडं चालवून तो तापवा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवर लांबी किंवा रंग चढवू नका. ट्रॉलीच्या रिफ्लेक्टर पट्ट्या, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, या झाकल्या गेल्या तर नव्या लावून द्या; रात्री उसाची ट्रॉली त्यांच्यावरच दिसते. मोटारसायकलची टाकी कॅनने करून देताना सांभाळा. पेट्रोल सांडलं की साधा ॲक्रिलिक विरघळतो, वर हार्डनरवाला क्लिअर लागतो. आणि मालकाला लाल ट्रॅक्टर निळा करायचा असेल, तर आरसीवरच्या रंगाची नोंद आरटीओत बदलावी लागेल हे त्याला आधीच सांगा.

तोंडाला दस्ती बांधून भागत नाही. दस्ती धूळ अडवते, थिनरची वाफ नाही. वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क घ्या. हार्डनरवाल्या रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून हवा देणारा मास्क लागतो, तो नसेल तर ते काम घेऊ नका. जुना पिवळा-नारिंगी रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा. कॅन पत्र्याचा असतो, टर्मिनलला आणि ट्रॅक्टरच्या पत्र्याला एकदम टेकला तर ठिणगीने भोक पडतं, आत पेट घेणारा गॅस आहे. बिडी ओढणाऱ्याला मी शेडबाहेर बसवतो, मग तो मालक का असेना.

यात पुढे जायचं असेल तर वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली घासायला लागा, किंवा आयटीआयला ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा ट्रेड बघा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याकडच्या कारखान्यांत कागद विचारतात. तिथलं काम मात्र पावडर कोटिंगचं आणि लाइनवरचं, ते वेगळं शिकावं लागतं. स्वतःचं टाकायचं तर लहान कंप्रेसर आणि गन मुद्रा योजनेच्या शिशू कर्जात, म्हणजे ५० हजारांत, बसू शकतात.

गिऱ्हाईक पोळ्यापासून सुरू होतं, खंडेनवमीला शिगेला पोचतं आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटेपर्यंत ट्रॉल्यांचं चालतं. आदल्या दिवशी येऊन "आरं भाऊ, उद्या पूजा हाय, रात्रीतून मारून दे की" म्हणणारे काका दरवर्षी भेटतात. त्यांना मी म्हणतो, "काका, रिमा आणि बंपर उद्या देतो, बॉनेट दिवाळीनंतर." बहुतेक ऐकतात. रंग हाताला लागत नाही म्हणजे वाळला असं नाही, तो पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो. तोवर प्रेशरने धुऊ नका, हे चिठ्ठीवर लिहून द्या. मालाचे पैसे आधी घ्या. मजुरीचं "उसाचं बिल आल्यावर देतो" चालवून घ्यावं लागतं, पण कॅनचं दुकान बिलावर थांबत नाही.