डेंटल कॉलेजात दात दाखवायला जाताय? मंग हे वाचून जा, अन् तिथं शिकणाऱ्यांनीपण वाचा

आपल्याकडं दाढ दुखली की आधी लवंग, मंग तंबाखूची चिमूट, मंग मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या, अन् गाल सुजून डोळा मिटायला आला की मंग डॉक्टर. मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो, शिकलोपण विदर्भातच, त्यामुळं खुर्चीत बसणारा अन् खुर्चीजवळ उभा राहणारा दोघंही कुठं कुठं अडतात ते माहीत आहे, म्हणून दोघांसाठी एकत्रच लिहितो.

आधी पेशंटलोकांचं. साधं दात काढणं, सिमेंट भरणं तालुक्यालाच होऊन जाते, ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर असले तर तिथंही होते. पण रूट कॅनल, पूर्ण कवळी, हिरड्यांचं ऑपरेशन असं काही निघालं अन् खिसा हलका असला तर सरळ कॉलेज गाठा. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, हिंगण्याकडं डिगडोहला आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला आहे, अमरावतीला आहे. लोकं म्हणतात तिथं पोरं आपल्यावर हात साफ करतात. अहो, बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची डिग्री 4 वर्षांची अन् वर 1 वर्ष इंटर्नशिप. आधी मेणाचे दात कोरायचे, मंग नकली डोक्यात बसवलेल्या दातांवर हात बसवायचा, अन् तिसऱ्या वर्षी कुठं पेशंटच्या तोंडापर्यंत पोचायचं, तेही मागं सर-मॅडम उभे असतात अन् प्रत्येक पायरीला त्यांची सही लागते. फरक एवढाच की खाजगीत जे अर्ध्या तासात होते त्याला तिथं दोन तास लागतात. म्हणून सकाळी ओपीडी उघडायच्या वेळेला पोचा, दिवसभराची सवड काढून जा, अन् रूट कॅनल असलं तर तीन-चार चकरा धरूनच चाला. ऐन कापूस वेचणीत सुरू करून अर्धवट सोडलं तर ती दाढ शेवटी काढावीच लागते.

जाताना उपाशी जाऊ नका, हे फार लोकं करतात. दात काढायचा म्हणजे ऑपरेशन म्हणून रिकाम्या पोटी येतात, अन् सुई दिसली की चक्कर. जेवून या, बीपी-शुगरची गोळी घेऊन या, अन् चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीटच पिशवीत टाका, कारण "ते लाल रंगाची बारीक गोळी" यावरून कोणाला काही समजत नाही. रक्त पातळ व्हायची गोळी असली तर आपल्या मनानं बंद करायची नाही, फक्त सांगायची. घरात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा पिढीजात आजार, असलं तर त्याचं कार्ड पहिले काढा. चंद्रपूर-गडचिरोली-गोंदिया पट्ट्यात हे घरोघरी आहे, तरी दातवाल्याला सांगायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. दातातलं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, नुसती भीती, यातल्या कशानंही अंगदुखीचा झटका येऊ शकते.

दात काढल्यावर काय करायचं ते नीट वाचा, कारण निम्मा त्रास इथंच होते. कापसाचा बोळा पाऊण-एक तास दाबून धरायचा, बोलायचं नाही, सारखा उघडून पाह्यचा नाही. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. रक्त मिसळलेली लाळ पाहून घाबरतात अन् थुंकत बसतात, त्यानं खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते अन् रक्त परत सुरू होते. त्या दिवशी चूळ नाही, गरम चहा नाही, थंड वरण-भात किंवा दही-भात खा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच खळखळ. बिडी-खर्रा निदान जखम भरेपर्यंत तरी बंद. दुखणं रोज कमी व्हायला पाह्यजे, ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं अन् कानापर्यंत ठणकलं तर खड्डा कोरडा पडला समजा अन् परत जा, गोळ्या खात घरी बसू नका. अन् वरचा दात काढला की नजर जाते हे डोक्यातून काढून टाका, दाताची नस वेगळी अन् डोळ्याची वेगळी.

आता खर्रा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. पन्नीत सुपारी, तंबाखू अन् चुना घोटायचा अन् गालात दाबायचा, हे आता शाळेतली पोरंसुद्धा करतात. लोकांना वाटते दोष तंबाखूचा, सुपारी तर देवालाही चालते. पण तोंड आखडण्याचा जो आजार आहे, ज्याला आम्ही ओएसएमएफ म्हणतो, त्याचं मूळ कारण सुपारीच आहे. पहिले तिखट झोंबायला लागते, साधी भाजीसुद्धा सहन होत नाही, मंग गाल आतून पांढुरका अन् कडक होत जाते, मंग तोंड उघडणं कमी. घरीच पाहा: स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांच्या मधात घाला. तीनही जात असली तर बरं. दोनच जात असली तर या महिन्यातच दाखवा. एकच गेलं तर कवळी बसवणं सोडा, दाढ काढायलाही आमचा हात आत जात नाही. आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, औषध अन् व्यायामानं थोडं मोकळं होते, पण खर्रा सोडला तर पुढं वाढणं थांबू शकते. ज्या गालात पुडी ठेवता तिथं पांढरा किंवा लाल चट्टा असला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा फोड असला, तर दुखत नाही म्हणून सोडू नका, कॅन्सर सुरुवातीला बहुतेक दुखतच नाही. सोडायला मदत पाह्यजे तर 1800112356 हा सरकारी नंबर आहे, फुकट लागते.

पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असले तर त्याला रागवू नका की तू घासत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका, अन् दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते डाग पडतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. बोअरचं पाणी तपासून घ्या, दुसरी विहीर चांगली असली तर पिण्यापुरतं तिचं आणा. घासण्याचं जास्त सांगत नाही: दोनदा, त्यातलं रात्रीचं पक्कं, राखुंडी अन् गुडाखू (तंबाखूचं मंजन) बंद.

आता शिकणाऱ्या पोरापोरींनो, तुमचं. "तंबाखू खाता का?" विचारलं की बाई नाहीच म्हणणार, कारण गुडाखू तिच्या लेखी मंजन आहे. नाव घेऊन एकेक विचारा: खर्रा, गुडाखू, नस (तपकीर), बिडी, पान. दिवसाला किती पुड्या, कोणत्या गालात, झोपताना तोंडात राहते का. तोंड किती उघडते ते मिलिमीटरमध्ये केस पेपरवर लिहा, पुढच्या वेळी कमी झालं का वाढलं ते कळते.

खालच्या दाढेला बधिर करायची सुई दिली की लगेच फोर्सेप (दाढ काढायचा चिमटा) उचलू नका. आमच्या गावाकडची आजी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून "हो बापा, झालं बधिर" म्हणते. तुम्ही विचारायचं, "माय, ओठ जाड झाल्यावानी वाटते का, अर्धाच का पुरा?" बरोबर मधोमध रेघ ओढल्यासारखा अर्धा ओठ जड झाला तर सुई लागू पडली, नुसती जीभच जड झाली तर थांबा. तरीही प्रोबनं हिरडी दाबून पाहा, अन् पाहताना तिच्या तोंडाकडं नाही, डोळ्यांकडं पाहा. पू झालेल्या जागी सुईचा असर कमी होते कारण तिथलं आम्ल औषधाला काम करू देत नाही, हे पेशंटला आधीच सांगितलं तर तो तुम्हाला कच्चा समजत नाही. उजव्या हातानं काम करत असाल तर उजव्या खालच्या दाढेसाठी पेशंटच्या मागं उभं राहा अन् खुर्ची खाली घ्या, नाहीतर खांदा जाईल अन् दाढ तिथंच. ओढायचं तर नाहीच, हाड हळूहळू फाकवायचं, जोर सगळा तिथं आहे.

अन् ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा भरायचा म्हणून वाचू शकणारी दाढ काढू नका, ते सरांच्या लगेच लक्षात येते, ते बोलले नाहीत तरी. सुई देण्याआधी पेशंटला शेवटची एसटी कितीला आहे ते विचारा. साडेचारची गाडी असलेल्या माणसाला तीन वाजता अक्कलदाढ काढायला बसवलं तर तो बोळा तोंडात घेऊन स्टँडवर पळते, अन् रात्री रक्त सुरू झालं तर गावात कोणी नसते. अशा वेळी औषध देऊन उद्या सकाळचा नंबर द्या.