तारण आणि निवड : मंडळीच्या अभ्यासवर्गात हा विषय कसा घ्यावा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की रत्नागिरी, वेंगुर्ले या बाजूच्या मंडळ्यांतील (ख्रिस्ती उपासक समाजांतील) अभ्यासवर्गांत एक प्रश्न बहुधा निघतोच : देवाने तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, माणसाला आधीच निवडलेले असते, की माणूस विश्वास ठेवणार हे जाणून देव त्याला निवडतो? पहिले मत मानणारे कॅल्व्हिनवादी (सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतले) आणि दुसरे मानणारे आर्मिनियसवादी (डच धर्मपंडित आर्मिनियसच्या परंपरेतले) यांच्यातील हा जुना मतभेद टाळू नये, कारण त्यावर माणसाची प्रार्थना आणि तारणाविषयीची खात्री अवलंबून असते. मात्र तो घाईने एका संध्याकाळीही उरकू नये.

पहिल्या बैठकीत देवाच्या निवडीविषयीचा, रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडू नये. तो उघडला की बाजू पडतात आणि मग कोणी कोणाचे ऐकत नाही. त्याऐवजी आर्मिनियसच्या अनुयायांनी, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, म्हणजे 1610 साली हॉलंडमध्ये मांडलेली पाच कलमे समजावून द्यावीत. त्यांतील तिसऱ्या कलमात पतित मनुष्याला स्वतःच्या इच्छाशक्तीने तारणदायी विश्वास धरता येत नाही, त्याला नवा जन्म मिळावा लागतो, असे स्पष्ट म्हटले आहे. आर्मिनियसवादी स्वतःच्या कर्तबगारीवर तारण मिळवू पाहतात, हा आरोप आपल्याकडेही सर्रास केला जातो आणि तो खोटा आहे. दोन्ही पक्ष आरंभ कृपेपासूनच करतात, हे वर्गाला पटल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या बैठकीत 1618–19 मध्ये हॉलंडमधील डॉर्ट येथे भरलेल्या कॅल्व्हिनवादी धर्मसभेने या कलमांना दिलेले उत्तर घ्यावे. स्वतः कॅल्व्हिन 1564 सालीच वारला होता. तेव्हा कॅल्व्हिनवादाचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘पाच मुद्दे’ त्याने लिहिले नसून ते 1610 च्या कलमांना दिलेले उत्तर आहे, एवढे सांगितले तरी बराच गोंधळ मिटतो. ख्रिस्ताच्या मरणाचे मोल अपार असून ते साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरणारे आहे, सुवार्ता (ख्रिस्ताचा शुभसंदेश) सर्वांना सांगितली पाहिजे आणि कृपा माणसाला दगडाधोंड्याप्रमाणे वागवीत नाही, ही त्या सभेची विधाने आवर्जून वाचून दाखवावीत. कॅल्व्हिनवाद्यांना सुवार्ताप्रसाराची आस्था नसते हा समज त्याने दूर होतो. शिवाय 1823 साली बाणकोट-हर्णै भागात आलेले स्कॉटिश मिशनरी त्याच परंपरेतले होते, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायलाच हवे.

आता खरा फाटा कोठे फुटतो ते दाखवावे. किनाऱ्यावर राहणारा वक्ता येथे बुडणारा माणूस आणि दोर यांचा दाखला सहज देतो, पण तो दाखला दोघांवरही अन्याय करतो : कॅल्व्हिनवाद्याच्या मते तो माणूस बुडत नसून आधीच मेलेला आहे आणि त्याला उठवावे लागते, आर्मिनियसवाद्याच्या मते दोर धरण्याचे बळही देवच देतो, मात्र ते बळ झिडकारता येते. म्हणजे प्रश्न कृपा हवी की नको हा नसून, देवाने तारणासाठी दिलेली कृपा माणसाला अखेरपर्यंत नाकारता येते का, हा आहे.

तिसऱ्या बैठकीत शास्त्रभाग जोडीने वाचावेत. योहानाच्या सहाव्या अध्यायात पित्याने ओढल्यावाचून कोणी येऊ शकत नाही असे येशू म्हणतो, तर बाराव्या अध्यायात आपण सर्वांना आपल्याकडे ओढू असे म्हणतो. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील निवड आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील सर्वांच्या तारणाची देवाची इच्छा ही दुसरी जोडी. रोम 8:29 वर थांबून विचारावे : देवाला आधीच ठाऊक होते ते काय, त्यांचा विश्वास की त्या व्यक्तीच? प्रत्येकाने आपल्या विरुद्ध मताची बाजू, ते मत मानणाऱ्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावी. हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

सर्वांत नाजूक भाग शेवटचा. खरा विश्वासी पतन पावून नाश पावू शकतो का? 1610 च्या पाचव्या कलमाने हा प्रश्न शास्त्राच्या अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला होता. पुढे त्या पक्षाने ‘होय’ म्हटले, डॉर्टने ‘नाही’ म्हटले, पण दावीद व पेत्र यांच्यासारखे गंभीर पतन होऊ शकते हेही मान्य केले. योहान 10:28 आणि इब्री 6:4–6 एकाच बैठकीत वाचावेत. वर्गात मंडळीपासून दुरावलेल्या मुलाची आई बसलेली असू शकते, म्हणून उदाहरणादाखल कोणाही ओळखीच्या माणसाचे नाव घेऊ देऊ नये. तिने विचारलेच, तर कॅल्व्हिनवादी म्हणेल की देव आपल्या माणसाला परत आणतोच, आणि आर्मिनियसवादी म्हणेल की परतीची वाट खुली आहे; तो मुलगा निवडलेला आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दोघेही स्वतःकडे घेत नाहीत, आणि त्याच्यासाठी प्रार्थना दोघेही करतात. त्या संध्याकाळी चर्चा तेथेच थांबवून तिच्याबरोबर प्रार्थना करावी आणि उरलेले मुद्दे पुढच्या बैठकीत घ्यावेत.