मॉलचा इतिहास लिहायला घेताय? आधी भाडं विचारा

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी प्रबंधिकेसाठी मॉल हा विषय घेतला, तेव्हा विभागातल्या अर्ध्या लोकांनी ‘यात इतिहास कुठला?’ असं तोंडावर विचारलं. आता धुळे-जळगावची पोरं याच विषयासाठी फोन करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सुरुवात आधुनिक बंदिस्त मॉलचा पहिला नमुना मानल्या जाणाऱ्या साउथडेलपासून करावीच लागते. अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या एडिना या उपनगरात ८ ऑक्टोबर १९५६ ला तो उघडला. डेटन्स या मोठ्या दुकानवाल्यांनी तो बांधून घेतला आणि आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही त्याच छताखाली जागा दिली. तिकडची थंडी हाडं गोठवणारी, म्हणून सगळा बाजार बंदिस्त केला आणि आतली हवा बारा महिने सारखी ठेवली. आराखडा व्हिक्टर ग्रूएनचा. हा व्हिएन्नाचा ज्यू, १९३८ मध्ये नाझींमुळे देश सोडून आलेला. मॉलभोवती घरं, शाळा, बगीचे असं अख्खं गाव वसावं, असं त्याच्या मनात होतं. प्रत्यक्षात भोवती गाड्यांचं मैदान झालं. १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परतला आणि पुढे त्यानं या मॉलांचं पितृत्वच नाकारलं.

एवढं दोन पानांत आटपा. इंटरनेटवर ते ढिगानं आहे आणि परीक्षकालाही पाठ असतं. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल उघडला, गर्दी आवरेना म्हणून दारावर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा असा नियम आला, हाही किस्सा घ्या. (आमच्या आठवडे बाजाराच्या तोंडाशी कोणी असं विचारून पाहावं!)

खरं काम पुढे आहे, आणि ते एकाच प्रश्नावर उभं राहतं: जागा कोणी, कोणाला, काय भावानं दिली? मॉलमध्ये अँकर म्हणजे मोठं दुकान चौरस फुटाला कमी भाडं देतं, कारण गिऱ्हाईक तेच ओढून आणतं. त्याची कसर छोट्या गाळ्यांकडून काढली जाते. हे डोक्यात ठेवून १८८० चं खानदेश गॅझेटिअर उघडा. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं कारभाराचं ठाणं म्हणून धुळं निवडलं, लांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना वसायला उत्तेजन दिलं आणि बांधकामाला बिनभाड्यानं जागा दिली. अँकरला सवलत देण्याची युक्ती आपल्याकडे १८१९ पासूनची आहे. माझ्या मार्गदर्शकांना हे ताणलेलं वाटलं, मला अजूनही वाटत नाही.

जळगावात स्टेशनजवळ कापसावर चालणारी खानदेश मिल होती, तिच्या जागेवर ‘खानदेश सेंट्रल’ मॉल आला. अशा जागेचा इतिहास उद्‌घाटनाच्या फोटोत शोधू नका. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, जमीन हातोहात कशी फिरली ते तिच्यावर दिसतं. भाड्यासाठी दुय्यम निबंधकाकडचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, त्यामुळे क्षेत्रफळ, भाडं, डिपॉझिट तिथं सापडतं. भाडेकरूंची नावं मात्र प्रबंधिकेत छापू नका.

आणखी एक पाहा, गाळे भाड्यानं दिलेत की सुटे विकलेत. विकले असतील, तर कुठल्या मजल्यावर काय दुकान असावं हे ठरवायला कोणी मालकच उरत नाही. वरचे मजले ओस पडण्यामागं अनेकदा हेच असतं. वर्तमानपत्रं ऑनलाइन खरेदीला दोष देऊन मोकळी होतात.

मुलाखती मॉलबाहेर जास्त चांगल्या मिळतात. जळगावच्या फुले मार्केटमध्ये एक कापड दुकानदार काका बराच वेळ ‘पहिले सस्ताई होती भाऊ’ याच्यापुढे जाईनात. पालिकेच्या पावत्या आहेत का, असं विचारल्यावर त्यांनी गल्ल्याखालून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला. पावती हातात आली तशी जीभ सुटली. शेजारचा गाळा कोणी सोडला, भाडं कधी वाढलं, कोणी थकवलं, सगळं ओळीनं आलं. तेव्हापासून मी प्रश्नावली पिशवीतच ठेवतो आणि आधी कागद मागतो.

मॉलच्या मॅनेजरकडे विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा, नाहीतर वॉचमन फोटोही काढू देत नाही. मॅनेजर वरचेवर बदलतात, तेव्हा जुन्याचा नंबर जपून ठेवा. सोडून गेलेला माणूस मोकळेपणानं बोलतो.

दिवाळी आणि लग्नसराईत कोणाकडे जाऊ नका. जून-जुलैत जा, तेव्हा गावाकडचा पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो आणि दुकानदार रिकामा बसलेला असतो. विक्रीचे आकडे हाती लागलेच, तर जानेवारी ते डिसेंबर असे मांडू नका. कापूस बाजारात येतो तिथून वर्ष धरा, म्हणजे चढउतार कशामुळे आहेत ते कळेल.