क्लबच्या नव्या खजिनदारासाठी: वजाबाकी आधी, बजेट नंतर

पावतीपुस्तकं, व्हाउचर, पासबुक, ऑडिटची फाइल मागच्या खजिनदाराकडून घ्यालच. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव मात्र पहिल्याच बैठकीत करा, नाहीतर पैसे खात्यात आणि सही करणारे माजी अध्यक्ष परगावी. दोन सह्या हव्यातच. ‘आपलीच माणसं’ म्हणून कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवणं बंद.

आता मुद्द्याचं. राखीव निधी, म्हणजे अडचणीसाठी हाताशी असलेले क्लबचे स्वतःचे पैसे, किती, असं विचारलं की आपण पासबुकातला शेवटचा आकडा वाचून दाखवतो. मागचं बजेट मी तसंच बसवलं, आणि त्यातले बरेचसे पैसे लोकांनी शिबिरासाठी दिलेले निघाले. म्हणून कागद घ्या. वर शिल्लक लिहा आणि वजा करत खाली या: उपक्रमांसाठी लोकांकडून जमवलेले पैसे, ठरावीक कामासाठी आलेली देणगी, दिलेले पण न वटलेले चेक, वरच्या संस्थेला भरायची वर्गणी. रोटरी आणि लायन्समध्ये ती सहामाही असते, जुलै आणि जानेवारीत. म्हणजे जुलैत क्लबचं वर्ष सुरू होताच पहिला फटका. तळाशी उरेल तो राखीव निधी. शून्य आला तर शून्य. सभासदांची थकबाकी त्यात धरू नका. ती हातात पडेपर्यंत पैसा नव्हे.

प्रशासन आणि उपक्रम अशी दोन वेगळी खाती ठेवली तर अर्धी वजाबाकी आपोआप होते. ‘चार दिवस इकडून तिकडे वळवू, मग भरू’ हे कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही. लोकांनी दिलेल्या पैशातून क्लबचं जेवण होत नाही आणि सभागृहाचं भाडंही भरलं जात नाही.

निधी किती असावा? साधारण तीन ते सहा महिन्यांचा चालू खर्च. सगळं उत्पन्न एकाच वार्षिक कार्यक्रमावर असेल तर सहाच्या बाजूला झुका, कारण तो रद्द झाला तरी खर्च थांबत नाही. निधीला हात कोण लावू शकतो आणि काढलेले पैसे कधीपर्यंत परत भरायचे, हे ठरावात लिहून घ्या. आणि हो, हे सगळं वजाबाकीनंतरच्या आकड्यावर. पासबुकातल्या नव्हे.

मुदत ठेव एकच मोठी नको, तुकड्यांनी करा, मुदती डायरीत. किरकोळ रोख दर महिन्याला मोजा. दर बैठकीत तीन आकडे वाचा: शिल्लक, लोकांचे, आपले. ऑडिटरला आधी गाठा.