पाहुणे येण्याआधी एक रात्र स्वतः पाहुणे व्हा

सुट्टीपुरतं राहतं घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं ठरवलंत, तर आधी एक रात्र त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पलंगावर झोपा. ज्या गोष्टी आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात, त्या नेमक्या तेव्हाच खुपतात. उशाशी चार्जिंगला प्लग नाही, रात्री दिव्याचं बटण चाचपडावं लागतं, गिझरचा स्विच बाथरूमबाहेर आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सापडेल ते लगेच कागदावर उतरवा आणि त्यातूनच पाहुण्यांसाठी सूचनांचं एक पान तयार करा. गॅस आणि पाण्याचा मुख्य कॉक, विजेचा मेन स्विच कुठे आहे हे त्यात सगळ्यात वर हवं.

कागदपत्रं, दागिने आणि औषधं एकाच कपाटात कुलूपबंद ठेवा. बाकी कपाटं मात्र खरोखर रिकामी करा. अर्धवट भरलेल्या कपाटात कपडे ठेवायला पाहुण्यांना फार संकोच वाटतो. वायफायसाठी राउटरमधलं गेस्ट नेटवर्क सुरू करा, म्हणजे घरातला संगणक आणि कॅमेरे वेगळे राहतात. खोलीत कॅमेरा असेल तर तो काढूनच टाका, नुसता बंद करून चालणार नाही. आणि घरविम्यात भाड्याने दिलेला काळ धरला जातो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.